कुंडी मांडीवर घेऊन एटापल्लीला

आधीच सांगून टाकते, मी गेले ती देवदर्शनाला नव्हे, वाघ बघायला नव्हे आणि नात्यातल्या लग्नाला तर मुळीच नव्हे. साताऱ्यात कुणापुढेही चंद्रपूर म्हटलं की लगेच "ताडोबा का?" शेजारच्या शैलाताईंनी तर वाघाचा फोटो पाठवायचं वचन घेऊन डबाभर चिवडा दिला. त्यांना काय सांगू? की बाई, मी राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला चाललेय ते एका म्हातारीच्या परसात काय उगवलंय ते बघायला, आणि मांडीवर एक कुंडी घेऊन चाललेय?

पण खरं तेच होतं. तीस वर्षं मी शिवणाचा क्लास चालवला. तो बंद केला, हात रिकामे झाले आणि मला जमिनीवरच्या ऑर्किडचं वेड लागलं. ऑर्किड म्हटलं की लोकांना हॉटेलच्या टेबलावरची जांभळी फुलं आठवतात. ही तसली नव्हेत. ही मातीतली. जमिनीत कंद असतो, पावसाळ्यात पान आणि फूल येतं, दिवाळीनंतर सगळं वाळून गडप होतं आणि उन्हाळाभर कुंडीत नुसती माती दिसते. नवखा माणूस झाड मेलं समजून कुंडी ओतून मोकळा होतो. मी गच्चीवर हिरवी जाळी आणून, माझ्याच मशीनवर शिवून, त्याला चेन लावलेलं दार करून हरितगृह उभं केलं. चेनवालं हरितगृह अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल, पैज लावते.

त्यात माझा जीव होता तो जिओडोरमवर. पानं कोवळ्या हळदीसारखी. फुलाचा दांडा सरळ वर येतो आणि टोकाला येऊन एकदम खाली वाकतो, गुलाबीसर पांढऱ्या फुलांचा झुबका जमिनीकडे बघत राहतो. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका रोपवाटिकेतून पाच कंद आणले होते. चार कुजले. का कुजतात कळेना, म्हणून एकेक कुजला तशी मी स्वच्छता आणखी वाढवत गेले. माती कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या द्यायच्या (कुकर वेगळा आहे, घाबरू नका), कंद बुरशीनाशक पावडरीत बुडवायचे, पांढरं काही दिसलं की पावडर शिंपडायची. हे नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून हरितगृहाच्या दारावर टांगले, कारण पाणी घालायला आमचे हे असतात आणि यांना लिहून दिल्याशिवाय काही लक्षात राहत नाही.

उरलेल्या त्या एका झाडावर गेल्या वर्षी जूनमध्ये मी दातकोरणीनं पराग एका फुलातून दुसऱ्यात लावला आणि एक शेंग धरली. सहा वर्षांत पहिली! शेंगेत धुळीसारखं हजारो बी असतं, पण घरात कुंडीत ते रुजवलेलं माझ्या ओळखीत कुणीही नव्हतं. प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत रुजवतात म्हणे. मी कुठली प्रयोगशाळा आणू?

आणि अशात आमच्या ऑर्किडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलापल्लीच्या सलीमभाईंनी फोटो टाकला. एका कुडाच्या घरामागे, कुंपणाच्या कडेनं, जिओडोरमची रांगच्या रांग. मोठी झाडं, मधली, आणि बोटाएवढी पिल्लं. पिल्लं म्हणजे बियांची रोपं! मी फोन फिरवला. सलीमभाई म्हणाले, "बाई, थे लावलेली नाईत. आपोआप येतात म्हनते म्हातारी. तुमी येऊन पाहा न!"

शेंग पिवळी पडायला लागली होती. फुटली की बी वाऱ्यावर. मागे ठेवून गेले आणि फुटली तर? म्हणून शेंगेला मलमलची इवलीशी पिशवी शिवून बांधली आणि कुंडीसकट निघाले. यांनी डोक्याला हात लावला, पण स्टँडपर्यंत कुंडी त्यांनीच आणली.

चंद्रपूर ते आलापल्ली

रेल्वेतलं काही सांगण्यासारखं नाही. चंद्रपूरला उतरले आणि स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं, इथे लालभडक रस्सा ओततात आणि वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला दुसरी प्लेट सांगितली.

आलापल्लीच्या एसटीत कंडक्टरशी जुंपलीच. "कुंडी वरती फळीवर ठेवा, बाई."

म्हटलं, "वर माणसं ठेवा, कुंडी खाली राहील."

"अर्धं तिकीट लागन मंग."

"लावा की! खिडकीची जागा पण द्या तिला."

तो हसला आणि खरंच खिडकी दिली. मग गोंडपिंपरीपर्यंत सगळी एसटी माझ्या कुंडीवर बोलत होती. कुणी म्हणे आंबेहळद, कुणी म्हणे केवडा. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "पिशवीत काय बांधलं? बाधा उतरवाले जाऊन राह्यल्या का?" शेजारच्या बाईनं त्यांना दटावलं, "दिसत नाई का, पोटुशी हाये थे. जपून नेऊन राह्यल्या." अख्ख्या साताऱ्याला जे समजावता आलं नव्हतं ते त्या बाईनं एका नजरेत ओळखलं. मी तिला चिवड्याचा डबाच दिला.

आष्टीला वैनगंगा ओलांडली. सप्टेंबरातली वैनगंगा दोन्ही काठ भरून चाललेली. आमची कृष्णा माहुलीला एवढी फुगली तर आम्ही घाबरून वरच्या मजल्यावर जाऊ, इथे लोक निवांत गळ टाकून बसलेले. पुढे सागवान सुरू झालं. एकेका झाडाच्या बुंध्याला मिठी मारायला दोन माणसं लागावीत. जंगलाच्या कडेला, हिरव्या गवतात, पांढरं काहीतरी चमकलं आणि मी बसमध्ये उभी राहून ओरडले, "थांबवा!"

कोण थांबवतंय? पण मी पाहिलं होतं. हबेनारिया, म्हणजे आणखी एक मातीतलं ऑर्किड! आम्ही कासच्या पठारावर कुंपणाबाहेरून, रांग लावून जिच्या जातभाईंचे फोटो काढतो, ती इथे रस्त्याच्या कडेला गुराख्यागत मोकळी उभी होती. मान दुखेपर्यंत मी मागे बघत राहिले.

सलीमभाई आलापल्लीचे टेलर आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात टेप, कानामागे खडू. शर्ट-पँट शिवतात आणि आठवड्यातून दोन दिवस बाजाराच्या गावांना दोरे, बटणं, चेन विकतात. असं गावोगाव फिरतानाच त्यांना फुलांचा नाद लागला. दुकानात शिरल्याबरोबर मी त्यांच्या मशीनचा पट्टा बघितला आणि त्यांनी माझ्या पिशवीची शिलाई. "हातशिलाई? क्या बात है! इतका बारीक टाका आजकाल कोन घालते?" म्हणाले, आणि आमची दोस्ती झाली ती तिथेच. त्यांच्या घरी अंबाडीची आंबट दाल आणि भात जेवले. आमच्याकडे अंबाडीवर लसणाची फोडणी देऊन भाकरीशी खातात, ही दालीत विरघळलेली, आंबटढाण. तीनदा वाढून घेतली.

एक गोष्ट त्यांनी जेवतानाच सांगितली. "जंगलातलं एकबी झाड मी उपटत नाई आन् कोनाले उपटू देत नाई. तुमी पाहाले आल्या, वेलकम. खुरपं आणलं असन तं बॅगेतच राहू द्या." खुरपं होतं बॅगेत. मी पायानं बॅग आणखी मागे सरकवली.

नाला

एटापल्लीला जाणारा रस्ता लाल. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणारे ट्रक लाल, रस्त्याकडेची पानं लाल आणि सलीमभाईंच्या स्कूटीवर मागे बसून गेलेली मीसुद्धा कोपरापर्यंत लाल. एटापल्लीत चहा घेतला आणि फाट्यावरून आत वळलो. तिथून पाच-सहा मैलांवर वच्छलाबाईंचं गाव. वच्छलाबाई म्हणजे त्या रांगेच्या मालकीण.

मध्ये नाला आडवा आला. रात्री वर कुठेतरी पाऊस झाला असणार, रपट्यावरून, म्हणजे तिथल्या बुटक्या पुलावरून, पाणी खळाळत होतं. सलीमभाईंनी स्कूटी झाडाखाली लावली आणि बसकण मारली. "दोन घंट्यात उतरते."

दोन घंटे! शेंग सकाळपासून रंग बदलत होती. कडेची शीर तपकिरी झालेली दिसत होती. मी येरझारा घालून घालून काठाचा चिखल तुडवला. दीड तासानं पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा माझा धीर सुटला. कुंडी डोक्यावर घेतली, पदर खोचला आणि शिरले. मागून सलीमभाई ओरडतायत, "बाई, मी आधी जातो! हात तं धरा!" मधोमध शेवाळावर पाय सरकला. मी खाली बसले, चक्क नाल्यात, कंबरभर पाण्यात, पण दोन्ही हात वर आणि हातात कुंडी, शेंगेला थेंब लागू दिला नाही. चपला मात्र गेल्या. एक जाताना दिसली, झोकात, जणू तिलाच भामरागडला जायचं होतं.

पलीकडे धान लावलेल्या बांध्यांमधून अनवाणी, ओलीचिंब मी आणि मागे हसू दाबणारे सलीमभाई, असे आम्ही गावात शिरलो.

सांदवाडी

घरामागच्या परसाला तिकडे सांदवाडी म्हणतात. वच्छलाबाईंच्या सांदवाडीत कोचईची, म्हणजे आपल्या अळूची, पानं सुपाएवढी झालेली, दोडक्याचा मांडव, एक सीताफळ आणि भोवती बांबूच्या फाट्यांचं विणलेलं कुंपण. आणि कुंपणाच्या बुडाशी... तुम्हाला सांगते, मी ओल्या लुगड्यानिशी तिथेच फतकल मारली. फोटोत दिसत होती त्याच्या दुप्पट! शेंगा धरलेली ताठ झाडं, त्यांच्या पायाशी दोन पानांची, एका पानाची, काही तर गव्हाच्या अंकुराएवढी. मी मोजायला लागले, चुकले, पुन्हा लागले, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"माय वं, कोन आलं हे रडत-रडत?" वच्छलाबाई दारात. सत्तरीच्या, सुपारीसारख्या टणक, हातात विळा. सलीमभाईंनी ओळख करून दिली तशी त्यांनी आधी कोरडं लुगडं दिलं, मग सुनेच्या चपला दिल्या, मग गरम पाणी, आणि मग विचारलं, "फुलासाठी आल्या? येवढ्या दुरून? घरचे काई बोलत नाईत?"

झाडाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "खालमानी म्हनतो आमी. फूल हाये तवरिक मान खाली. पोटात आलं का ताठ उभी राह्यते, कोनाच्या बापाले भीत नाई." आणि खळखळून हसल्या. माझ्या कुंडीकडे बघून म्हणाल्या, "तुमची बी ताठ झाली. पन एकलीच काऊन?"

मग मी सगळं सांगितलं. पाच कंद, चार कुजले, कुकर, शिट्ट्या, पावडर. वच्छलाबाई ऐकत होत्या, ऐकत होत्या आणि एकदम पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. "माती शिजवता?" त्यांना बोलता येईना. "सलीम, आयकलं का रे? माती शिजवते बाई! मंग खात काऊन नाई?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, सणकून आला. इतक्या वर्षांची मेहनत, वाचून वाचून शिकलेली, आणि ही बाई खिदळतेय. मी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं, की मातीत रोग असतात, बुरशी असते, कंद कुजतो, स्वच्छता पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात धरून कुंपणापाशी नेलं.

"हे कुंपन आमी दरसाली नवं बांधतो. जुन्या फाट्या फेकत नाई. इथीच बुडाशी टाकून देतो. सासू टाकत होती, मी बी टाकतो. हे पाहा." त्यांनी कुजलेला एक बांबू अलगद उलटला.

खालच्या बाजूनं पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं. बुरशी! बघताच माझा हात पावडर शोधायला कमरेला गेला. आणि मग दिसलं. त्या पांढऱ्या धाग्यांत, साबुदाण्याएवढे, गोल, फिक्कट दाणे. एकाला सुईच्या टोकाएवढा हिरवा कोंब. बी रुजत होतं! बुरशीत, बुरशीमुळे! सलीमभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. इतकी वर्षं बाजाराला जाता-येता बघूनही त्यांनी बांबू उलटलेला नव्हता.

"जिथी हे पांढरं नाई तिथी खालमानी येत नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी तं तिचं जेवनच मारून राह्यल्या."

त्या बीमध्ये स्वतःचं खाणं काही नसतं हे मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. त्याला मातीतली बुरशी भरवते, हेही वाचलं होतं. पण वाचलेलं आणि कुकर यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी लागला नाही. चार कंद मी मारले. प्रेमानं, शिट्ट्या मोजून मारले. मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी नाचावंसं वाटत होतं, कारण आता कळलं होतं!

त्या दिवशी परतणं शक्यच नव्हतं, नाला पुन्हा चढला. जेवायला वास्त्यांची, म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी आणि भात. गंमत बघा, बांबू कोवळा असताना माणसानं खायचा, जून झाला की कुंपणाला लावायचा, कुजला की खालमानीला घालायचा. मी हे बोलून दाखवलं तर वच्छलाबाई म्हणाल्या, "मंग काय टाकून द्याचा?"

सकाळी मलमलच्या पिशवीत शेंग फुटलेली होती. पिशवीच्या तळाशी चिमूटभर पिवळी धूळ. मी वच्छलाबाईंना म्हटलं, "मला एक कुजका बांबू द्या, कुंडीत घालते, आणि हे सगळं घेऊन जाते साताऱ्याला."

"बांबू न्या. माती बी न्या. पन सगळं बियाणं नका नेऊ. अर्धं इथी टाका."

मी पिशवी घट्ट धरली. "एवढंच आहे हो माझ्याकडे. तुमच्याकडे तर रांग आहे."

"माझ्यासाठी नाई म्हनून राह्यलो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी. धानाचं असो का वालाचं, बियाणं एकाच घरी ठेवाचं नसते. एका साली आमचं सगळं घर पान्यात गेलं. कोठीतलं दानं-दानं सडलं. बहिनीच्या घरी अर्धं होतं म्हनून पुढच्या साली पेरलं. घर कोनचंबी जाते, बाई. कोनाचं सांगून जाते का?"

मला पटलं नाही. साताऱ्यात कुठला पूर येतोय माझ्या गच्चीवर? पण त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या, त्यांनी दिलेलं लुगडं माझ्या अंगावर, त्यांच्या सुनेच्या चपला पायात. नाही म्हणायला जीभ रेटेना. अर्धी पिशवी मी झटकली ती सीताफळाच्या बुडाशी, जिथे आधी एकही खालमानी नव्हती, म्हणजे उगवलं तर माझंच असं कळेल. वच्छलाबाईंनी वर जुन्या फाट्या आडव्या टाकल्या. त्या कामात त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. मी मात्र जड मनानं उठले, उगाच दिलं असं म्हणत.

निघताना त्यांनी कुंडीत आपल्या हातानं बांबूचे तुकडे खोचले. "धुवू नका. शिजवू तं नकाच नका."

घरी

साताऱ्यात पोचल्यावर आठ दिवस माझं तोंड बंद नव्हतं. गल्लीत, भिशीत, ग्रुपवर, भाजीवालीलासुद्धा मी बुरशीचं माहात्म्य सांगितलं. कुंडीत आईच्या, म्हणजे जुन्या कंदाच्या भोवती उरलेलं बी टाकलं होतं. महिन्याभरात पांढरे धागे मातीवर आले. रोज सकाळी मी भिंग घेऊन बसत होते. दिवाळीनंतर पानं वाळली, कंद झोपी गेला. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

डिसेंबरात भाचीच्या डोहाळजेवणाला दोन दिवस कोल्हापूरला गेले. परत आले तर हे दारातच उभे, चेहरा अगदी उजळलेला. "तुझ्या त्या कुंडीवर पांढरी बुरशी केवढी चढली होती! बरं झालं माझं लक्ष गेलं. दुप्पट पावडर कालवून, चांगली तांब्याभर ओतली."

दारावरचा कागद तसाच होता. माझ्याच अक्षरात. पांढरं दिसलं की पावडर. सगळ्या गावाला सांगितलं आणि घरात सांगायचं राहून गेलं.

मी ओरडले नाही. ओरडण्यासारखं यांनी केलंच काय होतं? मी शिकवलं तेच केलं होतं. धागे दोन दिवसांत काळे पडले. झोपलेल्या कंदाला हिवाळ्यात तांब्याभर पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, तरी वाट बघितली. जानेवारीत उकरला तर बोटाला मऊ लागला. सहा वर्षांचं सगळं संपलं. ग्रुपवर यांच्या पावडरीचं एका ओळीत लिहून टाकलं. मी हरितगृहाची चेन लावली ती महिनाभर उघडली नाही. हे जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत. एकदा मात्र म्हणाले, "मी जाऊन दुसरं आणतो." मी म्हटलं, "ते दुकानात मिळत नाही हो." एवढंच बोलणं झालं.

सीताफळाखालचं आठवत होतं, पण आशा धरायची भीती वाटत होती. सलीमभाईंना विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

पाऊस सुरू झाला आणि परवा दुपारी त्यांचा निरोप आला. आधी फोटो. सीताफळाचा बुंधा, कुजक्या फाट्या आणि मधून वर आलेली चार कोवळी, चुणीदार पानं. खाली वच्छलाबाईंचा आवाज, रेकॉर्ड करताना फोन तोंडाला चिकटवल्यासारखा मोठा: "बाई, आयकून राह्यल्या का? तुमच्या चार झाल्या. पाचवी बी येऊन राह्यली, सलीमले दिसत नाई, मले दिसते. सलीमनं मले सांगितलं तिकडचं. वाचलं त्यानं तुमच्या ग्रुपवर. भाऊसायबाले बोलू नका काई. पोरी मोठ्या झाल्या का अर्ध्या घेऊन जा, अर्ध्या राहू द्या इथीच."

मी मोठ्यानं रडले. अगदी गळा काढून. हे मोरीतून ओल्या हातांनी धावत आले, फोन माझ्या हातात बघून पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "गेलं नाही हो कोणी. आलंय."